मोट, मोटार आणि मोटर : एका आगत शब्दाचा कृष्णा-कोयनाकाठचा अर्थविकास

१

परभाषेतून मराठीत आलेल्या शब्दांचा विचार आजवर प्रायः दोन भूमिकांवरून झाला आहे. पहिली भूमिका शुद्धिवाद्यांची. आगत शब्द हा स्वभाषेच्या घरात शिरलेला परका होय, त्याला शक्य तेथे बाहेर काढावे व त्याच्या जागी संस्कृतोद्भव प्रतिशब्द बसवावा, असे हा पक्ष मानतो. दुसरी भूमिका उदारमतवाद्यांची. जो शब्द रूढ झाला तो आपलाच झाला, त्याची जातकुळी आता विचारू नये, असे ती सांगते. माधवराव पटवर्धनांचा 'भाषाशुद्धि-विवेक' १९३८ मध्ये प्रसिद्ध झाला. तेव्हापासून ह्या वादाच्या दोन्ही बाजू पुष्कळ तपशिलाने मांडल्या गेल्या आहेत. परंतु दोन्ही पक्षांनी एक गोष्ट विवादाबाहेर ठेवलेली दिसते. आगत शब्दाचा अर्थ मूळ भाषेत जो असतो तोच येथे येतो, प्रश्न फक्त त्याला ठेवायचे की घालवायचे एवढाच, असे दोघांनीही मनातून गृहीत धरलेले असते.

हे गृहीतक कितपत टिकते, हे एखाद्या अगदी नित्याच्या शब्दावर तपासून पाहणे इष्ट आहे. 'मोटर' हा असा शब्द होय. तो शिक्षित-अशिक्षित सर्वांच्या तोंडी आहे. त्याचे इंग्रजी मूळ निर्विवाद असल्याने व्युत्पत्तीच्या वादात वेळ जात नाही. शिवाय त्याच्या शेजारी 'मोट' हा जुना मराठी शब्द उभा असल्याने आगत शब्द आणि त्याचा यजमान यांचे नाते पाहण्याची चांगली सोय होते. येथे हा विचार कराडलगतच्या मलकापूर परिसराच्या आधाराने केला आहे. बुलढाणा जिल्ह्यातील मलकापूर आणि कोल्हापूर जिल्ह्याच्या शाहूवाडी तालुक्यातील मलकापूर ही वेगळी. हे सातारा जिल्ह्यातील, पुणे-बंगळूर महामार्गावरचे. महामार्गावरची मोटार, बागायती शेतातील विहिरीवरची मोटर आणि नळाच्या पाण्याची आधुनिक व्यवस्था ह्या तिन्ही गोष्टी ह्या एका गावाच्या शिवेत एकत्र आल्या आहेत. त्यामुळे शब्दाचे निरनिराळे अर्थ येथे एकमेकांशेजारी ठेवून पाहता येतात.

२

प्रथम मूळ शब्दाचा विचार. इंग्रजीतील मोटर हा शब्द लॅटिनमधून आला. लॅटिन 'मोवेरे' म्हणजे हलवणे; त्याला कर्तृवाचक प्रत्यय लागून 'मोतोर', म्हणजे हलवणारा, असे नाम झाले. तौलनिक भाषाशास्त्र ह्या धातूचा संबंध संस्कृतातील 'मीव्', म्हणजे ढकलणे, ह्या धातूशी जोडते. इंग्रजीत हा शब्द प्रथम यंत्राला लागला नाही. विश्वाला गती देणारे आदितत्त्व, चालक शक्ती, अशा तत्त्वज्ञानाच्या आणि धर्मविचाराच्या अर्थाने तो शतकानुशतके वापरला गेला. गती देणारे यंत्र हा अर्थ एकोणिसाव्या शतकात रूढ झाला, आणि त्याच शतकाच्या शेवटच्या दशकात स्वयंचलित गाडीसाठी 'मोटरकार' हा समास घडून, पुढे त्याचे पूर्वपद एकटेच गाडीचा अर्थ देऊ लागले.

म्हणजे मराठीने हा शब्द घेतला तेव्हा इंग्रजीत त्याचे दोन जिवंत अर्थ होते : गती देणारे यंत्र आणि त्या यंत्रावर चालणारे वाहन. मराठीत दोन्ही आले. पण एकाच वेळी, एकाच मार्गाने किंवा एकाच रूपात आले नाहीत.

प्रथम आले ते वाहन. त्याचे मराठी रूप 'मोटार' झाले. हे रूप लक्षणीय आहे. इंग्रजीतील ह्याच घडणीचे शब्द मराठीत सामान्यतः ऱ्हस्व 'अर'कारान्त होतात. डॉक्टर, कलेक्टर, कंडक्टर, ट्रॅक्टर ही उदाहरणे पाहावीत. त्यांच्या पंक्तीत 'मोटार' हा अपवाद ठरतो. 'आर'कारान्त शब्द मराठीला नवे नाहीत. सुतार, लोहार, कुंभार, तलवार, कट्यार अशी त्यांची मोठी परंपरा आहे. नवा शब्द ह्या परंपरेच्या साच्यात बसला आणि त्याचे विकारही त्याच साच्याने झाले : तलवार-तलवारी, कट्यार-कट्यारी, तद्वत मोटार-मोटारी. लिंगही ठरले ते अर्थाच्या शेजाऱ्यावरून. गाडी स्त्रीलिंगी म्हणून आगगाडी, बस, कार आणि मोटार ह्या सर्व स्त्रीलिंगी झाल्या. मोटारगाडी, मोटारमालक, मोटारस्टँड हे समास मराठीतच जुळवले गेले. १ जून १९४८ रोजी पुणे आणि त्या वेळचे अहमदनगर यांच्या दरम्यान राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली आणि पुढे 'एस. टी.' हा शब्द सर्वत्र झाला. तरी सातारा शहरातील एका भागाचे 'जुना मोटारस्टँड' हे नाव त्या आधीच्या शब्दाची आठवण राखून आहे.

यंत्राच्या अर्थाचा शब्द नंतर आला, तो 'मोटर' ह्या रूपाने. हे रूप डॉक्टर, ट्रॅक्टर यांच्या नियमाला धरून आहे. एकच परकी संज्ञा दोन वेळा येऊन दोन रूपांनी नांदणे मराठीत अपरिचित नाही. 'लाटसाहेब' मधील लाट आणि 'लॉर्ड', त्याचप्रमाणे 'पलटण' आणि 'प्लॅटून', ही अशीच जोडरूपे होत. संस्कृतागत शब्दांविषयी तत्सम व तद्भव असा जो भेद केला जातो, तो इंग्रजी आगतांना लावायचा झाल्यास मोटार हे तद्भवसदृश व मोटर हे तत्समसदृश म्हणावे लागेल.

ही विभागणी काटेकोर आहे असा दावा मात्र करता येत नाही. वृत्तपत्रे विहिरीवरील 'विद्युत मोटार' चोरीस गेल्याचे वृत्त देतात. लेखनात दोन्ही अर्थांसाठी 'मोटार' हे एकच रूप पुष्कळदा आढळते. परंतु बोलण्यात कल वेगळा दिसतो. रस्त्यावर असते ती मोटार, विहिरीवर असते ती मोटर. भाषेने मिळालेली दोन रूपे वाया न घालवता त्यांच्यात कामाची वाटणी करण्याचा हा प्रयत्न आहे, आणि कोशकाराने लेखनाबरोबर ह्या उच्चारभेदाचीही नोंद घ्यायला हवी.

३

येथपर्यंतचा इतिहास रूपाचा झाला. अर्थाच्या इतिहासात मात्र उलट चित्र दिसते. ज्याचे रूप इंग्रजीपासून दूर गेले त्या 'मोटार'चा अर्थ इंग्रजीच्या जवळच राहिला. ज्याचे रूप इंग्रजीला धरून राहिले तो 'मोटर' हा शब्द अर्थाने मात्र पुष्कळ दूर गेला. हा व्यत्यास प्रस्तुत विवेचनाचा मुख्य मुद्दा आहे.

इंग्रजीत विजेच्या शक्तीचे गतीत रूपांतर करणारे साधन म्हणजे मोटर. पाणी उचलणारे साधन म्हणजे पंप. पहिले दुसऱ्याला फिरवते. कारखान्यात, दुकानात आणि तंत्रविषयक पुस्तकात हा भेद मराठीतही पाळला जातो. पण कृष्णा-कोयनाकाठचा शेतकरी 'मोटर' म्हणतो तेव्हा त्याला विहिरीवर किंवा नदीकाठी बसवलेला सगळा संच अभिप्रेत असतो : फिरवणारे यंत्र, पाणी उचलणारे यंत्र आणि व्यवहारात त्यांना जोडलेला नळही. 'मोटर पाणी ओढत नाही' ह्या वाक्यात ओढण्याचे काम शास्त्रदृष्ट्या पंपाचे आहे. भाषेने ते मोटरीकडे दिले आहे. आलंकारिकांच्या परिभाषेत ही लक्षणा होय. परंतु ती आता इतकी रूढ झाली आहे की येथे तोच वाच्यार्थ मानला पाहिजे.

दुसऱ्या बाजूने ह्याच शब्दाचा अर्थ आकुंचितही झाला. इंग्रजीत मोटारगाडीतील तेलावर चालणाऱ्या यंत्रालाही मोटर म्हणता येते. शेतकऱ्याच्या मराठीत तेलावर चालते ते 'इंजिन', बोलीत 'इंजान'. विजेवर चालते ती मोटर. ह्या भेदामागे प्रदेशाचा आर्थिक इतिहास आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये तेव्हाच्या औंध संस्थानात, आजच्या सांगली जिल्ह्यात, किर्लोस्करवाडीची वसाहत उभारली. तेथून लोखंडी नांगर आणि पुढे पाण्याचे पंप ह्या टापूच्या परिचयाचे झाले. १९४६ मध्ये त्याच उद्योगसमूहाने पुण्यात तेलाच्या इंजिनांचा व बंगळुरात विजेच्या मोटरींचा स्वतंत्र कारखाना काढला. खेड्यात वीज पोचण्यापूर्वी विहिरीवर इंजिन आले. कोयना प्रकल्पातून १९६२ मध्ये वीजनिर्मिती सुरू झाली, आणि पुढील काळात ग्रामीण विद्युतीकरण जसजसे पसरले तसतशी इंजिनाच्या जागी मोटर आली. ही दोन यंत्रे एकापाठोपाठ, एकाच विहिरीवर आल्यामुळे त्यांना वेगळी नावे असणे व्यवहाराला आवश्यक झाले.

एकीकडे विस्तार व दुसरीकडे संकोच होऊन जो अर्थ उरला तो असा : विजेवर चालणारे, पाणी उचलणारे साधन. ह्या अर्थाला इंग्रजीत एकपदी समानार्थक शब्द नाही. ज्या शब्दाचा प्रचलित अर्थ मूळ भाषेत नाही, त्याला केवळ 'इंग्रजी शब्द' म्हणणे अपुरे आहे.

४

हा अर्थ नेमका येथेच का येऊन स्थिरावला, ह्याचे उत्तर 'मोट' ह्या शब्दाकडे वळल्याशिवाय मिळत नाही.

मोट ह्या शब्दाचा मूळ अर्थ गाठोडे, बांधलेला भारा. कन्नडमधील 'मूटे' आणि तमिळमधील 'मूट्टै' हे त्याच अर्थाचे शब्द त्याचे शेजारी होत. गाठोड्यासारखी दिसणारी, तोंडाशी बांधलेली चामड्याची मोठी पिशवी म्हणून पाणी उपसण्याच्या साधनाला तेच नाव मिळाले. सावता माळी यांच्या नावावर असलेल्या अभंगांतही मोटेचे रूपक येते, इतका हा शब्द जुना आहे. मोल्सवर्थच्या कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ ची. तीत मोट आहे, मोटर असण्याचा प्रश्नच नव्हता.

मोटेभोवती शब्दांचे एक स्वतंत्र कुटुंब होते. मोटेच्या तोंडाला बांधलेला जाड दोर तो नाडा, तिच्या सोंडेला बांधलेला बारीक दोर तो सोंदूर. बैल ज्या उतारावरून चालत ती धाव. वर आलेली मोट जेथे रिती होई ते थारोळे, आणि तेथून शेतात पाणी नेणारा तो पाट. मोट हाकणारा तो मोटकरी. रानात वाफ्यांना पाणी वळवणे म्हणजे दारे धरणे. महसुलाच्या भाषेत पाटाच्या पाण्यावरची जमीन 'पाटस्थळ' आणि मोटेच्या पाण्यावरची 'मोटस्थळ'. विहिरीची योग्यताही मोटांच्या संख्येने सांगितली जाई. साताऱ्याजवळ लिंब येथील, १७१९ ते १७२४ ह्या काळात वीरूबाई भोसले यांनी बांधवलेली विहीर आजही 'बारा मोटांची विहीर' ह्याच नावाने ओळखली जाते. म्हणजे मोट हे केवळ साधन नव्हते, ते पाण्याचे परिमाणही होते.

ह्या रचनेत विजेचे यंत्र येऊन बसले तेव्हा त्याला जी जागा मिळाली ती मोटेची. परिमाणाचे काम तिने लगेच उचलले. 'तीनची मोटर', 'पाचची मोटर', 'साडेसातची मोटर' ह्या प्रयोगांत अश्वशक्तीचा उल्लेख गाळून केवळ आकडा ठेवला आहे, आणि त्या आकड्यावरून विहिरीचे पाणी व मालकाची ऐपत दोन्ही कळतात. बारा मोटांची विहीर आणि पाचच्या मोटरीची विहीर ह्या दोन वर्णनांची घडण एकाच विचाराची आहे. दारे धरणे हा प्रयोग मोटेबरोबर गेला नाही. तो मोटरीच्या पाण्यालाही लागू झाला. पाटही राहिला.

लिंगाचा प्रश्न ह्या ठिकाणी सावधपणे हाताळला पाहिजे. पंप पुल्लिंगी, इंजिन आणि यंत्र नपुंसकलिंगी. मग ह्या गटात बसलेली मोटरच स्त्रीलिंगी का? मोट स्त्रीलिंगी म्हणून मोटर स्त्रीलिंगी, असे उत्तर मोहक आहे. पण ते सिद्ध झालेले नाही. गाडीच्या संगतीने स्त्रीलिंगी झालेली मोटार आधीच भाषेत होती आणि तिचे लिंग तिच्या जोडरूपाकडे आले असणे तितकेच, किंबहुना अधिक, संभवनीय आहे. फार तर असे म्हणता येईल की मोटारीकडून मिळालेले लिंग मोटेच्या शेजारात टिकले. अनेकवचनी 'मोटरी' बरोबर बोलीत ऐकू येणारे 'मोटरा' हे रूप मोट-मोटा ह्या नमुन्याकडे झुकलेले दिसते. परंतु एका रूपावर सिद्धांत उभारणे योग्य होणार नाही. ह्याची कसोटी मोट नसलेल्या प्रदेशात होऊ शकेल. कोकणात पाणी काढण्याचे जुने साधन रहाट. तेथे ह्याच यंत्राला बोलीत कोणते नाव पडले आणि त्याचे लिंग काय, ह्याची पाहणी झाल्यास मोटेच्या प्रभावाचे माप मिळेल.

येथे दोन प्रमाद टाळले पाहिजेत. पहिला हौशी व्युत्पत्तिकारांचा. मोट आणि मोटर यांच्या ध्वनिसाम्यावरून दुसरा शब्द पहिल्यापासून निघाला असे म्हणणे निराधार आहे; एकाचे मूळ गाठोड्यात, दुसऱ्याचे लॅटिनमधील चलनवाचक धातूत. साम्य केवळ योगायोगाचे. दुसरा प्रमाद विद्वानांचा. उत्पत्ती भिन्न म्हणजे संबंध शून्य, असे मानणे हाही दोषच होय. शब्दांचे नाते जन्माने ठरते तसे सहवासानेही ठरते. मोटर मोटेपासून जन्मली नाही. पण मोटेच्या धावेवर, मोटेच्या विहिरीवर, मोटेच्या पाटाला पाणी देत ती वाढली, आणि तिचा आजचा अर्थ त्या वाढीतून आला.

५

शब्द भाषेत मुरल्याची आणखी एक खूण म्हणजे त्याची क्रियापदे. मोट जुंपली जाई, धरली जाई, हाकली जाई, सोडली जाई. ही सर्व क्रियापदे बैलांच्या व्यवहारातली. मोटर लावतात, बसवतात, चालू करतात, बंद करतात. ती जळते, मग ती 'भरून' आणावी लागते. आतील तारांची वेटोळी नव्याने घालणे ह्या अर्थी 'मोटर भरणे' हा प्रयोग पूर्णपणे मराठी घडणीचा आहे. इंग्रजीत ह्या क्रियेला पुन्हा गुंडाळणे अशा अर्थाचे क्रियापद आहे, भरण्याची कल्पना तेथे नाही. खाट विणणे, गादी भरणे, चरखा भरणे ह्या व्यवहारांतून परिचित झालेल्या क्रियांच्या जवळचे क्रियापद येथे निवडले गेले. पाण्यात सोडलेल्या मोटरीला 'पाणबुडी मोटर' हे नाव मिळाले, हेही असेच. पाण्यात बुडी मारणाऱ्या पक्ष्याला आणि युद्धनौकेला लावलेला शब्द शेतकऱ्याच्या यंत्राला लागला, आणि तो कोणत्याही परिभाषा-समितीची वाट न पाहता लागला.

मोटरीच्या परिवारातील इतर आगत शब्दांचीही अशीच गत झाली. नळाच्या तळाशी बसवलेल्या झडपेच्या इंग्रजी नावाचा, 'फूटव्हॉल्व्ह'चा, बोलीत 'फुटबॉल' झाला. हा लोकव्युत्पत्तीचा सरळ नमुना होय. अपरिचित शब्दाला परिचित शब्दाचे रूप मिळाले, अर्थ मात्र झडपेचाच राहिला. विहिरीतला फुटबॉल आणि मैदानातला फुटबॉल हे मराठीत आता समोच्चारी पण भिन्न शब्द आहेत, आणि कोशात त्यांना वेगळ्या नोंदी मिळायला हव्यात.

परिभाषेचा प्रश्न येथे उपस्थित होतो. सातारा जिल्ह्यातच, वाई येथे, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली मराठी विश्वकोशाचे कार्य झाले. त्याचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला. विश्वकोशाच्या परिभाषेत मोटरीला 'चलित्र' हा शब्द आहे. 'जनित्र' ह्या शब्दाशी त्याची जोडी जुळते : एक वीज निर्माण करते, दुसरे विजेने चालते. अर्थदृष्ट्या हा प्रतिशब्द निर्दोष आहे. 'चल्' धातूला साधनवाचक प्रत्यय लावून केलेली ही घडण लॅटिन शब्दाच्या घडणीला समांतरही आहे. तरी तो विहिरीवर गेला नाही. ह्यावरून शुद्धिवाद्यांचा पराभव झाला असे उदारमतवादी म्हणतील, आणि जनता अशिक्षित म्हणून असे झाले असे शुद्धिवादी म्हणतील. वस्तुतः दोन्ही निष्कर्ष चुकीचे आहेत. चलित्र हा शब्द इंग्रजीतील मोटरचा प्रतिशब्द आहे. मराठीतील मोटरचा नाही. पाणी उचलणारा सगळा संच हा अर्थ चलित्रात नाही आणि असूही नये. शास्त्रीय लेखनात दोन साधनांचा भेद दाखवण्यास चलित्र उपयोगी आहे; शेतात मोटर. दोघांची क्षेत्रे भिन्न असल्याने त्यांच्यात स्पर्धा नाही. हे लक्षात न आल्यामुळे प्रतिशब्दांविषयीची पुष्कळशी चर्चा निष्फळ झाली आहे.

६

मलकापुरात ह्या शब्दाला आणखी एक वळण मिळाले. गाव वाढून शहर झाले तशी विहिरीवरची मोटर घरात आली. ज्या गावांत नळाला ठराविक वेळीच व अपुऱ्या दाबाने पाणी येते, तेथे नळालाच मोटर लावून पाणी ओढून घेण्याची प्रथा पडते. ती नियमबाह्य असते, आणि तिच्यामुळे शेजाऱ्याचे पाणी कमी होते. 'नळाला मोटर लावणे' ह्या प्रयोगात त्यामुळे यंत्राच्या वर्णनापलीकडचा, काहीसा निषेधाचा अर्थ आलेला आहे. विहिरीवर मोटर असणे प्रतिष्ठेचे, नळाला मोटर असणे आक्षेपाचे. एकाच शब्दाचे सामाजिक मूल्य स्थानपरत्वे असे पालटते.

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस मलकापुरात चोवीस तास, मीटरने मोजून पाणी देण्याची योजना अमलात आली आणि तिची चर्चा राज्याबाहेरही झाली. नळात पाणी सदैव दाबाने असेल तर ते ओढून घेणाऱ्या मोटरीला प्रयोजन उरत नाही. तेथे महत्त्व येते ते 'मीटर' ह्या दुसऱ्या आगत शब्दाला. हा शब्द ग्रीक मापनवाचक शब्दातून आलेला, आणि संस्कृतातील 'मा' धातूशी, म्हणून 'मात्रा' ह्या आपल्या शब्दाशी, मुळात संबंधित. पाण्याचे परिमाण सांगण्याचे जे काम मोटेने शतकानुशतके व मोटरीने काही दशके केले, ते ह्या गावात मीटरकडे गेले. मोट, मोटर, मीटर ह्या तीन शब्दांची मुळे तीन ठिकाणची. त्यांना एका रांगेत आणले ते पाण्याच्या व्यवहाराने.

७

ह्या विवेचनातून कोशरचनेविषयी काही निष्कर्ष निघतात. दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' १९३२ ते १९३८ ह्या काळात सात विभागांत प्रसिद्ध झाला. त्याने कंसात [इं.], [फा.], [सं.] अशी मूलनिर्देशाची पद्धत रूढ केली. कृ. पां. कुलकर्णी यांच्या १९४६ च्या व्युत्पत्तिकोशाने मूळ शोधण्याच्या कामाला शिस्त आणली. ह्या कार्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु आगत शब्दाच्या बाबतीत [इं.] हा निर्देश प्रवासाचा आरंभ सांगतो, प्रवास सांगत नाही. पुढील कोशात मोटरची नोंद काहीशी अशी असावी :

मोटर, स्त्री. (अव. मोटरी, बोलीत मोटरा). १ विजेवर चालणारे फिरते यंत्र, चलित्र. २ (शेती) विहीर, नदी इ. ठिकाणाहून पाणी उचलणारा विजेवरील संच. ह्या अर्थी तेलावरील संचास 'इंजिन' म्हणतात. 'पाचची मोटर', पाच अश्वशक्तीची. क्रि. लावणे, चालू करणे, जळणे, भरणे. ३ (नागरी) नळातून पाणी ओढण्यासाठी लावलेले यंत्र, बहुधा निषेधार्थी. अर्थ २ मध्ये 'मोट' ह्या शब्दाची जागा घेतली. जोडरूप 'मोटार' पाहा. [लॅ. मोतोर, इं. मोटर]

अशा नोंदीसाठी लागणारी सामग्री ग्रंथालयात मिळणार नाही. ती विहिरीवर, दुरुस्तीच्या दुकानात आणि गावच्या बैठकीत मिळेल. त्यातही मोटेच्या शब्दकुटुंबाचे काम अधिक तातडीचे आहे. त्या कुटुंबातील काही शब्द आज केवळ अलंकार म्हणून उरले आहेत. अपघाताच्या बातमीत माणूस 'रक्ताच्या थारोळ्यात' पडतो. थारोळे म्हणजे मोट रिती होण्याची जागा, हे त्या बातमीच्या वाचकाला बहुधा ठाऊक नसते. राजकीय वार्ताहर पक्षांची 'मोट बांधली' असे लिहितो. तेथे मोट म्हणजे गाठोडे, हा त्या शब्दाचा सर्वांत जुना अर्थ. पण आजचा विद्यार्थी तेथे विहिरीवरची मोट कल्पितो आणि ती बांधायची कशी ह्या विचारात पडतो. साधन गेले की शब्दाचा वाच्यार्थ जातो, आणि लक्ष्यार्थ आधाराशिवाय उरतो.

स्वतः मोट हाकलेली माणसे आता वार्धक्यात आहेत. नाडा, सोंदूर, धाव, थारोळे हे शब्द, त्यांचे उच्चार आणि त्यांना लागणारी क्रियापदे ह्या माणसांच्या स्मरणात आहेत, आणि मोटेच्या जागी मोटर आली तेव्हा नव्या यंत्राविषयी लोक प्रथम कसे बोलले, हेही त्यांनाच आठवते. मराठी विभागांच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी आपापल्या गावच्या विहिरींपासून हे संकलन हाती घेतल्यास ते लहान असले तरी पक्के होईल. आणखी दहा-वीस वर्षांनी मोटरचे इंग्रजी मूळ कोणत्याही कोशात सापडेल. ती मराठीत कशी वाढली हे सांगणारे मात्र कोणी उरणार नाही.